पिंगळ्याचा खोटा पत्ता

आमच्या शहाद्याला लोक साता समुद्रापलीकडून घुबड बघायला येतात, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विषय बदलतो. घुबड बघायला का कुणी जातं? ते घराच्या आढ्यावर बसलं तर लोक हुसकावायला दगड शोधतात. बाहेरच्यांना नंदुरबार जिल्हा माहीत असतो तो मिरचीमुळे, सारंगखेड्याच्या घोडेबाजारामुळे, फार तर तोरणमाळच्या थंडीमुळे. पण पक्ष्यांचा नाद लागलेल्या जगभरच्या मंडळींना शहादा हे नाव पाठ आहे, आणि त्याचं कारण आहे वीतभर उंचीचं एक घुबड, रानपिंगळा.

गेल्या डिसेंबरात माझा भाचा नैरोबीहून बायको-मुलीला घेऊन आला. मुलगी अकरा वर्षांची, जन्मापासून केनियात वाढलेली. चहा व्हायच्या आत तिने विचारलं, “आजी, तुमच्या गेम रिझर्व्हमध्ये काय काय दिसतं?” प्रत्येक गावाशेजारी एक गेम रिझर्व्ह असणारच, अशी तिची समजूत. तिचा दोष नाही. नैरोबी नॅशनल पार्क हे शहराच्या मध्यापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. १९४६ सालचं, केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, ११७ चौरस किलोमीटरचं. तीन बाजूंना कुंपण आणि दक्षिणेची बाजू मोकळी, म्हणजे झेब्र्यांना नि हरणांना पलीकडच्या माळांवर ये-जा करता येते. पुढे गवतात सिंह आणि त्याच्या मागे शहराच्या उंच इमारती, असे फोटो आपण पाहतो ते इथलेच. भाचा सांगत होता, रविवारी सकाळी सहाला फाटक उघडतं, गाडीचं छत वर करायचं, उभं राहून बघायचं, आणि दुपारी जेवायला घरी. ठरलेल्या काही जागा सोडल्या तर गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. त्यातली एक जागा म्हणजे १९८९ साली राष्ट्राध्यक्ष मोई यांनी बारा टन हस्तिदंत जाळलं ते ठिकाण. तिथे आता लोक डबे उघडून बसतात.

पोरीकडे यादीही होती. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस, म्हणजे ‘बिग फाइव्ह’. ही यादी पर्यटन कंपन्यांनी उचलली असली तरी ती मुळात शिकाऱ्यांची. पायी जाऊन मारायला सगळ्यात धोक्याची पाच जनावरं कोणती, त्याची. आफ्रिकेतली कित्येक राखीव रानं शिकारीच्या हिशेबानेच राखली गेली होती. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला. बंदुका गेल्या आणि यादी राहिली. आपण तरी वेगळे कुठे आहोत? ताडोब्याहून आलेल्या माणसाला आपण एकच विचारतो, “वाघ दिसला का?” नाही म्हणाला तर त्याचे पैसे वाया गेले, असं समजून हळहळतो.

आमचा खानदेश कधीकाळी वाघांचाच मुलूख होता. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम सातपुड्याच्या या पट्ट्यात वाघांच्या शिकारीसाठीच गाजला. आता वाघ म्हाताऱ्यांच्या गोष्टींत उरला आहे. बिबट्या भरपूर, पण तो रानापेक्षा तळोदा-शहाद्याच्या उसात जास्त. तो बघायला सहल काढायची नसते, तो दिसला तर शाळा सोडून द्यायची असते. शेजारी गुजरातेत केवडियाला नेलं असतं तर जिराफ आणि झेब्रे दिसले असते. आमच्याकडच्या शाळांच्या सहली हल्ली तिकडेच जातात. पण नैरोबीच्या पोरीला पिंजऱ्यातला जिराफ काय दाखवायचा?

मी म्हटलं, उद्या घुबड बघायला जाऊ. भाच्याचं तोंड उतरलं. “मावशी, रात्री?”

रात्री नव्हे. रानपिंगळ्याची पहिली गंमत हीच की ते दिवसाचं घुबड आहे. हिवाळ्यात सकाळी ऊन आलं की ते उघड्या फांदीवर येऊन बसतं, शेकतं, आणि दहा-साडेदहापर्यंत सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे टिपत राहतं.

पहाटे साडेपाचला निघालो. शहाद्याहून लोणखेडा, म्हसावद करत राणीपूरकडे जाणारा हा तोरणमाळचा रस्ता. दोन्ही हातांना आधी केळी, पपई, ऊस, कपाशी. मग शेतं उताराला लागतात, विहिरी कमी होतात, आणि पुढे सातपुडा एकदम भिंतीसारखा उभा राहतो. आफ्रिकेतल्या राखीव रानाला असतं तसं फाटक, तिकीट, उघडी जिप्सी, गणवेशातला गाईड यातलं इथे काही नाही. शेत कुठे संपलं आणि रान कुठे लागलं हे नवख्याला कळतही नाही. गाडी एका पाड्याशी लावली. तिथे माझा जुना विद्यार्थी वाट बघत होता. तो पावरा समाजातला, कापूस आणि ज्वारीची शेती करणारा, पण तरुणपणी पक्षी अभ्यासकांबरोबर हे सगळं रान पायाखाली घातलेला. मी त्याला सातवी-आठवीत विज्ञान शिकवलं, त्याने मला पुढे झाडं शिकवली. तिथून पुढे चालत जायचं होतं. पोरीला हेच सगळ्यात नवल वाटलं, की रानात गाडीतून उतरायचं. “इथं खाणारं काही नाही का?” तिने विचारलं. तो म्हणाला, “अस्वल आहे. पण ते आता झोपायला गेलं असेल.” ती पुढचा अर्धा तास माझ्या पदराला धरून चालली.

हे रान आफ्रिकेच्या गवताळ माळासारखं नाही. साग, सालई, ऐन, धावडा, मोई, मधूनमधून रोहण आणि मोह. डिसेंबरात पानं विरळ व्हायला लागतात, खाली गवत पिवळं पडतं. दाट काळोखं अरण्य इथे नाहीच, आणि रानपिंगळ्याला ते नकोही असतं. त्याला हवा असतो असा उघडा, कोरडा, पानगळीचा सागवनी उतार. जमिनीवरचं भक्ष्य वरून दिसलं पाहिजे आणि घरट्यासाठी जुन्या जाड झाडांत ढोल्या मिळाल्या पाहिजेत. ढोली हा यातला मुख्य मुद्दा. तरणी झाडं कितीही लावली तरी त्यांना ढोल्या पडायला माणसाचा जन्म जातो. त्यामुळे एखाद्या उतारावर “झाडं वाढली” असं कागदावर दिसत असताना पिंगळ्याचं घर नाहीसं झालेलं असू शकतं.

पहिलं घुबड पोरीनेच शोधलं. बोरीच्या झाडावर, गोल डोळ्यांचं. ती टाळी वाजवणार तोच विद्यार्थ्याने हात धरला. “बाई, हा घरचा पिंगळा.” म्हणजे आपला नेहमीचा ठिपकेवाला, गावातल्या चिंचेवर असतो तो. दोघांत फरक कसा करायचा हे त्याने पोरीला असं सांगितलं की मी वर्गात तसं कधी सांगू शकले नसते. डोकं बघ, त्यावर पांढरे ठिपके दिसले की तो घरचा. रानवाल्याचं डोकं मोठं आणि जवळजवळ साधं, राखी-तपकिरी. छाती गडद, पोट पांढरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पायांवर पांढरी पिसं, नख्या आणि चोच त्याच्या अंगाच्या मानाने थोराड. आणि शेपटी! काही दिसलं, कुठे खुट्ट झालं, की ती झटके देत डावी-उजवीकडे हलते.

मग आम्ही एका बांधावर बसलो आणि वाट बघत राहिलो. नैरोबीच्या सहलीत वाट बघावी लागत नाही असं नाही, पण तिथे एकाला सिंह सापडला की दहा गाड्यांना वायरलेसवर कळतं. इथे कोण कुणाला कळवणार? त्या वेळात मी तिला या पक्ष्याची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा सविस्तर सांगते, कारण दिवसभराच्या सहलीतलं खरं शिकारीचं प्रकरण तेच आहे.

१८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लुइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने फुलझरच्या मुलखात, आजच्या छत्तीसगडमधल्या बसनाजवळ, एक लहान घुबड मारलं. ते गेलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे. शाळेच्या पुस्तकात काँग्रेसचे संस्थापक म्हणून भेटतात तेच हे ह्यूम. त्याआधी ते हिंदुस्थानातले सगळ्यात मोठे पक्षीसंग्राहक होते. त्यांनी १८७३ मध्ये ही वेगळी जात म्हणून जाहीर केली आणि ब्लुइटचं नाव तिला दिलं. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतले जेम्स डेव्हिडसन खानदेशात असताना त्यांना हा पक्षी आमच्या भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. १८८४ पर्यंत जगभरातल्या संग्रहालयांत मिळून सात कातडी जमा झाली. आणि मग हा पक्षी नाहीसा झाला. एक वर्ष, दहा वर्षं, पन्नास वर्षं, कुणालाच दिसेना.

मधे एकाच माणसाने तो मिळवल्याचं सांगितलं, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन याने. या गृहस्थाची ओळख आमच्या पाहुण्यांना जास्त होती, कारण तो केनियात नोकरीला होता. आफ्रिकेच्या रानात एक महाकाय रानडुक्कर आहे, त्याचं शास्त्रीय नाव १९०४ मध्ये याच्याच नावावरून पडलं. १९०५ मध्ये नांदी जमातीचा पुढारी कोइतालेल याला तहाच्या बोलणीसाठी बोलावून गोळी घालणाराही हाच. सैनिक, हेर, शिकारी, पक्षीतज्ज्ञ अशी त्याची कीर्ती. त्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचं एक कातडं होतं, आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४. मांडवी म्हणजे सुरत जिल्ह्यातली. त्याच ऑक्टोबरात मुंबई बंदरातून हिंदी फौजा पूर्व आफ्रिकेकडे निघाल्या, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला टांगाच्या लढाईत हा माणूस हजर होता, हे लक्षात ठेवा.

चिठ्ठी होती म्हणजे पुरावा होता. पुस्तकांत मांडवीची नोंद गेली. सलीम अलींचे सहलेखक डिलन रिप्ली यांनी १९७० च्या दशकात या पिंगळ्याचा शोध घेतला, हाती काही लागलं नाही. हळूहळू बहुतेकांनी धरून चाललं की पक्षी संपला.

पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या पामेला रासमुसेन यांच्यावर दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मोठ्या ग्रंथाचं काम आलं. पुस्तकं चाळून पुस्तक लिहायचं नाही, प्रत्येक कातडं स्वतः हातात घ्यायचं असा त्यांचा खाक्या. माइनर्ट्झहागेनने १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला सुमारे वीस हजार पक्षी दिले होते. त्यांतल्या काहींबद्दल कुजबूज आधीपासून होतीच, कारण या माणसाला पूर्वी एकदा त्याच म्युझियमने परस्पर नमुने उचलल्यावरून दालनात यायला बंदी केली होती. आता पक्षी सोलणं, भरणं, शिवणं हे हाताचं काम आहे. प्रत्येकाची हातोटी वेगळी, शिंप्याची टीप ओळखता येते तशी. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीच्या पिंगळ्याची तपासणी केली, तर आतला जुना कापूस काढून नवा भरलेला, टाके उसवून पुन्हा घातलेले, आणि तरीही मागे राहिलेल्या खुणा डेव्हिडसनच्या हातच्या! म्हणजे डेव्हिडसनने १८८४ मध्ये खानदेशात मारलेला पक्षी या कर्नलने म्युझियमच्या कपाटातून चोरला, नव्याने भरला, त्याची खरी चिठ्ठी फेकून स्वतःची लावली.

यात मला चोरीपेक्षा चिठ्ठीचा राग जास्त येतो. चोरलेली वस्तू कधीतरी सापडते. पण खोटा पत्ता हा ज्याला खरंच शोधायचं आहे त्यालाच फसवतो. पक्षी शहाद्या-तळोद्याच्या उतारावर सकाळच्या उन्हात बसलेला, आणि जगातली जाणती माणसं तापीच्या खालच्या अंगाला मांडवीची नोंद धरून बसलेली. हे घुबड रानातून हरवलं नव्हतं, कागदावर हरवलं होतं.

मांडवी खोटी ठरल्यावर उरल्या त्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, न्यूयॉर्कचे बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडे, ब्लुइटच्या मुलखात फिरले. तिथे काही मिळालं नाही. मग डेव्हिडसनचा पत्ता धरून शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७, सकाळची वेळ. बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडावर एक लहान घुबड दिसलं, डोक्यावर ठिपके नसलेलं. फोटो झाले, चित्रीकरण झालं. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा सापडला. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेलाही नव्हता. तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा निघाला. म्हणजे पक्षी सापडला धुळे जिल्ह्यात, आणि सात महिन्यांत पत्ता पुन्हा बदलला! या वेळचा बदल मात्र प्रामाणिक होता.

बाहेरून कुणी काही ‘शोधलं’ की इथले लोक म्हणतात, आम्हाला तर ठाऊकच होतं. या बाबतीत मी तसं म्हणणार नाही. पाड्यावरच्या माणसांनी हा पक्षी पाहिला असणारच, रोज गुरांमागे जाताना पाहिला असेल. पण घरचा पिंगळा वेगळा आणि हा वेगळा, असं वेगळेपण ओळखून होते का? माझ्या विद्यार्थ्यालाही मी हे विचारलं आहे. तो म्हणतो, “बाई, आम्हाला विचारायला कुणी आलंच नाही, तर आम्ही कशाला निरखून बघू?”

साडेआठच्या सुमाराला विद्यार्थ्याने नुसती मान वळवली. सालईच्या वाळक्या शेंड्यावर, आमच्यापासून पन्नास-साठ पावलांवर, तो बसला होता. आधी पाठ दिसली, मग मान फिरवून त्याने आमच्याकडे सरळ बघितलं. पिवळे डोळे. दुर्बीण आधी पोरीकडे गेली, मग तिच्या आईकडे, आणि भाचा तिच्याकडून ती हिसकावून घ्यायच्या बेतात होता. दोन बुलबुल आणि एक कोतवाल येऊन त्याच्याभोवती कलकलाट करू लागले. लहान पक्ष्यांना घुबड दिवसा दिसलं की ते त्याला सुखाने बसू देत नाहीत. त्याने शेपटीला दोन-तीन झटके दिले, मग गवतात दगड पडावा तसा खाली गेला आणि वर आला तो पायात सापसुरळी घेऊन. ती त्याने जागच्या जागी खाल्ली नाही. उडून एका रोहणाच्या खोडाकडे गेला आणि आम्हाला दिसेनासा झाला. ढोलीत भक्ष्य साठवायची सवय या पक्ष्याला आहे, आणि विणीच्या दिवसांत नर मादीला तिथेच खाणं पोहोचवतो.

तो ढोलीकडे गेला हे दिसताच विद्यार्थी उठला. “चला, बाई.” पोरीला जवळ जायचं होतं. त्याने ठाम नकार दिला. ऑक्टोबरपासून मेपर्यंत यांचा विणीचा काळ. साधारण एक-दोन अंडी. ढोलीपाशी माणूस रेंगाळला की मादी बाहेर पडते, अंडी गारठतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात या पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला, त्यात आपलंच पिल्लू खाल्ल्याचीही नोंद आहे. मी हे सांगितल्यावर पोरीने तोंड वेडंवाकडं केलं. सिंह पिल्लं मारतो हे मात्र तिला माहीत होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

त्याच अभ्यासकांनी १९९८ नंतर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या जुन्या जागा धुंडाळल्या तेव्हा चार ठिकाणी मिळून पंचवीस पक्षी मिळाले. नंतर मेळघाटात याहून मोठी संख्या आढळली, यावलला, मध्य प्रदेशात खंडवा-बऱ्हाणपूरच्या रानात तो दिसला, आणि २०१४ मध्ये थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात. पुढे पालघरच्या जव्हार भागात आणि गुजरातच्या डांगातही नोंदी झाल्या. म्हणून २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’मधून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’मध्ये आणलं. तरी सगळे मिळून प्रौढ पक्षी अडीचशे ते हजारच्या आतले, असा अंदाज आहे. केनियात सिंह याच्या दुप्पट तरी आहेत.

आणि शहाद्या-तळोद्याचं काय? जिथे तो सापडला त्या पायथ्याच्या पट्ट्यात रान आक्रसलं आहे. याला एक कारण नाही. सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तळोद्याचं सुमारे ४,२०० हेक्टर वनक्षेत्र १९९० च्या दशकात मोकळं करण्यात आलं. ज्यांची नर्मदेकाठची गावं बुडाली त्यांना जमीन द्यायची नाही तर काय करायचं? शिवाय नेवाड, म्हणजे जंगल साफ करून केलेली शेती, पिढ्यान्‌पिढ्या इथे आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यातल्या पुष्कळांना पट्टे मिळाले. माझ्या विद्यार्थ्याची शेतीही वनपट्ट्याचीच. पुण्या-मुंबईचे पक्षीमित्र “अतिक्रमण, अतिक्रमण” म्हणून हळहळतात तेव्हा हा गप्प उभा असतो, आणि मला कानकोंडं होतं. त्यानेच बांधावरचे दोन मोठे मोह आणि एक ऐन राखले आहेत. त्यांत ढोल्या आहेत. त्याबद्दल त्याला कुणी दमडी दिलेली नाही. आफ्रिकेतल्या काही राखीव रानांत सहलींच्या पैशाचा वाटा शेजारच्या मासाई गावांना मिळतो, असं भाचा सांगत होता. तोही पुरेसा नसतो म्हणे, भांडणं असतात. पण वाटा असतो हे तरी मान्य झालेलं आहे. इथे पाहुणा येतो, पक्षी बघतो, फोटो काढतो आणि शहाद्याच्या लॉजचं बिल भरून जातो.

उरलेला दिवस तोरणमाळवर. काळापाणी ओलांडून घाट चढत गेलं की हवा बदलते. माथा साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. सातपायरी घाटातली वळणं पोरीला आवडली, तिच्या आईला नाही. यशवंत तलावाकाठी डबे उघडले: कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. सीताखाईच्या कड्यावर वानरांची टोळी होती. अस्वल दिसलं नाही, पण त्याने वाळवीच्या वारुळाला पाडलेलं भगदाड आणि त्याची विष्ठा दिसली. ती बघून पोरीने अस्वल बघितल्याइतकी बडबड केली. खरं तर रानात जनावरांपेक्षा त्यांच्या खुणा जास्त दिसतात, आणि खुणा वाचायला गाडीतून उतरावं लागतं. एवढ्या एका बाबतीत आमचं विनाफाटकाचं रान नैरोबीपेक्षा सरस आहे, असं मी भाच्याला बजावलं. तो म्हणाला, “मावशी, तिथे खाली उतरलं तर खुणा आपल्याच उरतील.”

येताना उतारावर एक गाडी उभी होती. बाहेरगावचे दोघे छायाचित्रकार, हातभर लांबीची भिंगं, आणि मोबाइलला जोडलेल्या स्पीकरवर रानपिंगळ्याची साद सुरू. ती ऐकली की पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा आला. तो शिकार, घरटं सोडून भांडायला धावतो, आणि यांना फोटो मिळतो. तासभर असं चाललं तर त्या पक्ष्याची सकाळ उपाशी जाते. विद्यार्थ्याने जाऊन स्पीकर बंद करायला लावला. त्यांनी त्याला पाचशेची नोट दाखवून ढोली कुठे आहे ते विचारलं. त्याने त्यांना डोंगराची भलतीच सोंड दाखवली.

म्हणजे पुन्हा खोटा पत्ता! पण या खोट्याला माझा आक्षेप नाही. माझी स्वतःची वही आहे, तीत मी तारीख, वेळ, झाड, उतार सगळं खरं लिहिते आणि ते अभ्यासकांना देते. छापायच्या मजकुरात मात्र पाड्याचं नाव घालत नाही, इथेही घातलेलं नाही.

कुणाला यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. आदल्या रात्री शहाद्याला मुक्काम करा. धुळे, नंदुरबारहून एसटी भरपूर आहेत, नंदुरबारला रेल्वेही येते. पहाटेच निघा, अकरानंतर पक्षी सावलीत जातो आणि मग झाडं मोजत बसावं लागतं. गरम कपडे, पाणी, साधी आठ बाय चाळीसची दुर्बीण पुरे. वनखात्याला आधी कळवा. पाड्यावरचा माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याला दिवसाची मजुरी ठरवून, हातात द्या. मोबाइलवरची साद घरीच ऐका. आणि थंडीच्या सुरुवातीला आलात तर उतारावर सीताफळं विकायला बसलेल्या बाया दिसतील, त्यांच्याकडून टोपलीभर घ्या. भाव करू नका.